अंगावरचं पिस्तूल

डोंगरातल्या पाइन फोर्क गावात व्हर्ना कॉवुडला ओळखत नाही असं माणूस नाही, आणि तिची बोलणी एकदा तरी खाल्ली नाहीत असंही नाही. वय एकोणसत्तर. डाव्या खुब्याचं हाड बदललेलं, त्यामुळे चालताना थोडा झोक जातो. उजव्या कमरेला, सैल सदऱ्याच्या आत, तिचं पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्व्हर असतं. ते तिथे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि ते कुणालाही कधी दिसलेलं नाही. तिच्या मते अंगावर हत्यार बाळगण्यातली निम्मी विद्या एवढीच.

"दिसलं की तो दागिना झाला," ती म्हणते. "आणि दागिन्यांची हौस असेल तर कानात घाला, तिथे गोळी सुटत नाही."

तिच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे. ती तिच्या नवऱ्याची, होबार्टची. होबार्ट कोळशाच्या खाणीतून बहिरा होऊन बाहेर पडला आणि बंदुका दुरुस्त करायला लागला. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून व्हर्ना मध्ये उभी राहून ओरडून सांगायची. ओरडता ओरडता तिलाच कानस धरता यायला लागली. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधायचं, दुपारी शेडमध्ये स्प्रिंगा बसवायच्या, अशी तिची बावीस वर्षं गेली. होबार्ट गेल्यावर शेड तिच्याकडे आली, आणि शनिवारी तिथेच नऊ घडीच्या खुर्च्या मांडून ती पिस्तूल अंगावर बाळगण्याच्या परवान्याचा वर्ग घ्यायला लागली. त्या राज्यात परवान्याशिवायही बाळगता येतं, पण शिकायला लोक येतात.

स्वतः अंगावर बाळगायला तिने सुरुवात केली ती होबार्टच्या आजारपणात. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला शहरात न्यायचं आणि डोंगरातल्या रस्त्याने परत यायचं. एकदा संध्याकाळी चाक पंक्चर झालं. होबार्ट मागच्या सीटवर अर्धमेला. एक मालवाहू गाडी थांबली, दोन दांडगे पुरुष उतरले. व्हर्नाने कोटाच्या खिशात हात घातला आणि पिस्तूल घट्ट धरलं. त्या दोघांनी काय करावं? चाक बदललं, होबार्टला पाणी पाजलं, टोप्या उचलून निरोप घेतला आणि गेले. घरी आल्यावर तिने पिस्तूल उघडून बघितलं. खिशातल्या धाग्यांचा बोळा, बिस्किटाचा चुरा आणि विरघळलेली पेपरमिंटची गोळी यांचा आत नुसता लगदा झाला होता. चाप दाबला असता तर 'टक्' असा आवाज आला असता, बस्स.

"माणसं देवासारखी निघाली आणि पिस्तूल कुचकामी," व्हर्ना वर्गात सांगते. "मी मात्र दोघांबद्दलही उलटंच समजून बसले होते."

तेव्हापासून ती या बाबतीत फार काटेकोर झाली. नवं पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, दोनशे गोळ्या एकही न अडकता उडाल्याशिवाय ते अंगावर घालायचं नाही. त्यातल्या पन्नास तरी रोज ज्या बाळगणार त्याच जातीच्या. मध्ये एक जरी अडकली तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. लाकूडवाल्या ग्रेडीला तिने असंच रडवलं होतं. गडी साडेसहा फूट, नवं कोरं पिस्तूल घेऊन वर्गाला आला.

"किती उडवल्यास?" तिने विचारलं.

"अजून एकही नाही. डबा उघडला आणि थेट इथे."

"म्हणजे मुलीचं तोंड न बघता थेट लग्नाला उभा राहिलास."

तिसऱ्याच गोळीला पिस्तूल अडकलं. व्हर्नाने ते घासून पुसून, एक स्प्रिंग बदलून दिलं. पुढच्या खेपेला ग्रेडी बराच पुढे गेला, आणि पुन्हा अडकलं.

"एकवर ये," व्हर्ना म्हणाली.

"मिस व्हर्ना, एकशे ब्याऐंशी झाल्या होत्या हो!"

"बरं. मग तो एकशे ब्याऐंशीवा चोर भेटला की त्याला सांग, दादा जरा थांब, फक्त तुझ्याच वेळी अडकतंय."

असं हे चालायचं. पण सगळ्यात जास्त वेळ ती कशावर घालवत असेल, तर पिस्तूल अंगावरून उतरवण्यावर. चाप झाकला जाईल असं कडक म्यान हवं, आणि ते पट्ट्याला पक्कं. पर्समध्ये किल्ल्या आणि लिपस्टिकच्या गर्दीत सुटं पिस्तूल टाकणाऱ्या बाईला तर ती वर्गातून उठवते. आणि शौचालय. पँट खाली केली की पट्टा सैल होतो, पिस्तूल घसरतं, म्हणून लोक ते काढून बाजूला ठेवतात. टाकीवर, फळीवर, कागदाच्या गुंडाळीवर. आणि विसरतात. मोठमोठे विसरतात.

"म्यानासकट राहू द्या, पँटीतच, दोन पायांच्या मध्ये," ती न लाजता सांगते. "अंगावरचं अंगावर. फळीवर ठेवलंत की ते तुमचं राहिलं नाही. तुमच्यानंतर जे पोर आत येईल त्याचं झालं."

आणि हेच तिच्याच हातून घडलं.

मे महिन्यातला घरवापसीचा रविवार होता. त्या दिवशी पाइन फोर्क सोडून गेलेले सगळे चर्चला परत येतात, थडग्यांवर फुलं वाहतात आणि झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडून जेवतात. व्हर्नाच्या सुनेने लेक्सिंग्टन शहरातून नवा झगा पाठवला होता, निळा, बारीक फुलांचा. सून हौसेने पाठवते तर घालायला हवा. पण झग्याला पट्टा कुठला? व्हर्नाने झग्याच्या आत पोटाला बांधायचा रुंद कापडी पट्टा वापरला. त्याला खिसा असतो, खिशात रिव्हॉल्व्हर. तो पट्टा तिने त्याआधी दोनदाच बांधला होता. चर्चवर कुणी हल्ला करू नये म्हणून हत्यार बाळगून दारावर लक्ष ठेवणाऱ्या चौघांत ती होती, त्यांची म्होरकीच होती, त्यामुळे पिस्तूल घरी ठेवायचा प्रश्न नव्हता. आणि बीन्सचं मोठं पातेलंही तिचंच होतं, कारण ते वर्षानुवर्षं तिचंच असतं.

प्रार्थना संपल्यावर ती बायकांच्या शौचालयात गेली. तिथे एकच खोली, एकच कडी. झगा वर धरायचा, दुखरा खुबा सांभाळायचा आणि पोटावरचा पट्टाही आवरायचा, हे दोन हातांत जमेना. तिने पट्टा सोडला आणि मागच्या फळीवर ठेवला. ठेवताना मनात आलंसुद्धा, व्हर्ना, हे काय करतेस? पण एवढ्यात कुणीतरी दार बडवलं.

"व्हर्ना! अगं तुझ्या बीन्स लागतायत खाली! वास सुटलाय!"

बावीस वर्षं पोरांचं जेवण रांधलेली बाई ती. करपल्याचा वास म्हटल्यावर तिचं डोकं दुसरं काही ऐकत नाही. झगा सारखा करत ती तशीच स्वयंपाकघराकडे पळाली.

बीन्स वाचल्या. पातेलं झाडाखाली गेलं. मंडळी गोळा झाली, पास्टर लायलने जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी हात वर करून सगळ्यांना शांत केलं, आणि पियानोवाली ओपल दिसत नाही म्हणून थोडी चुळबुळ झाली. डोळे मिटण्याआधी व्हर्नाचं उजवं कोपर सवयीने कमरेला टेकलं. मग हात पोटाकडे गेला. मऊ लागलं. नुसता झगा आणि आत ती.

देवा, देवा, एवढंच मनात आलं, पुढचं काही नाही. ती वळली आणि त्या नव्या खुब्यावर जेवढं भरभर चालता येईल तेवढं चालत सुटली. पळावंसं वाटत होतं, पण मोठी माणसं पळाली की पोरं मागे धावतात, हेही तिला कळत होतं.

शौचालयासमोर रांग होती. दोन बायका, तीन लहान मुली. सगळ्यात पुढे सहा वर्षांची टेसी एका पायावर नाचत होती, आणि तिच्याशेजारी तिची आई कार्लीन. कार्लीन वृद्धाश्रमात रात्रपाळीला जाते, पहाटे एकटी गाडी हाकत परत येते. महिन्याभरापासून ती व्हर्नाच्या वर्गाला येत होती.

"ओपल आत आहे," रांगेतली एक बाई म्हणाली. "वीस मिनिटं झाली. पोट बिघडलंय म्हणे."

"तुझ्या करपलेल्या बीन्स चाखल्या असतील," दुसरी म्हणाली.

"मम्मी, मला फार लागलीय," टेसी म्हणाली.

"चल, झाडामागे जाऊ."

"पण तूच म्हणतेस ना, चर्चच्या झाडामागे नाही जायचं!"

एवढ्यात आतून ओपलचा आवाज आला, पियानोच्या वरच्या पट्टीसारखा. "व्हर्ना आली का? व्हर्नाशिवाय कुणालाही दार उघडणार नाही, सांगून ठेवते!"

"मी आहे गं, उघड," व्हर्ना म्हणाली.

कडी निघाली, व्हर्ना आत शिरली, कडी परत लागली. ओपल झाकणावर बसली होती, फळीला पाठ घट्ट लावून, दोन्ही हात पसरून, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी. ओपलचं वय चौऱ्याहत्तर. व्हर्ना शाळेत जायला लागली तेव्हापासूनची त्यांची मैत्री, आणि तेव्हापासूनचं भांडण. ओपलला बंदुकीचा भारी तिटकारा. व्हर्नाच्या रिव्हॉल्व्हरला ती 'तुझं लोखंड' म्हणते. एकदाच ती वर्गात येऊन बसली होती, तेही हातात विणकाम घेऊन, बाहेर बर्फ पडत होता आणि शेडमध्ये शेगडी होती म्हणून.

"हात नाही लावला," ओपल कुजबुजली. "तू म्हणाली होतीस ना, सापडलं तर हात लावायचा नाही, जागचं हलायचं नाही, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. तेवढंच ऐकलं होतं मी. बाकी वेळ टाके मोजत होते."

व्हर्नाने पट्टा उचलला. रिव्हॉल्व्हर होतं तसं होतं. पाचही काडतुसं जागेवर. भिंतीकडे तोंड करून तिने ते पोटाला बांधलं. बांधताना पट्ट्याचं टोक दोनदा हातातून सुटलं, शेवटी ओपलनेच मागून पट्टा ओढून बसवला. ज्या बाईने आयुष्यात लोखंडाच्या जवळ जायचं नाही असं ठरवलं होतं, तिने.

"तुझ्यामागे कोण होतं गं?" व्हर्नाने विचारलं. "तू आत आलीस तेव्हा."

"मागे नव्हतं कुणी. पुढे होती. टेसी. कडीला हात लावलाच होता तिने. मी म्हटलं, बाळा, म्हातारीला आधी जाऊ दे."

व्हर्नाने पोटावरचा पट्टा पुन्हा चाचपला.

"आता ऐक," ओपल उठत म्हणाली. "माझं पोट बिघडलं होतं. तू मला औषध द्यायला आलीस. झालं ते एवढंच, आणि दोघींच्या बाहेर जाणार नाही. तोंड पूस."

आणि ती पोटावर हात दाबून, कंबरेत वाकून, 'अगं आई गं' करत बाहेर गेली. सगळ्या चर्चसमोर. नंतर पियानोही तिने कण्हत कण्हत वाजवला. पुढचा आठवडाभर तिच्या दारात आल्याचं सरबत आणि खारी बिस्किटं येत होती.

व्हर्ना त्या दिवशी जेवली नाही. घरी आल्यावर तिने रिव्हॉल्व्हर रिकामं करून लोखंडी कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली आणि पलंगाशी गुडघे टेकले. एरवी खुबा बदलल्यापासून ती खुर्चीत बसूनच प्रार्थना करते. देवाने ओपलला पाठवलं, त्याचे उपकार, असं म्हणून तिला मोकळं होता आलं असतं. खोटंही नव्हतं ते. पण देवाने वाचवलं म्हणजे आपण चुकलो नाही, असं होत नाही. उठताना पलंगाची कड धरून उठावं लागलं.

सोमवारी ती पास्टर लायलकडे गेली आणि सगळं सांगितलं. ओपलचं सोंग ऐकताना तो हसायला लागला, मग टेसीचं नाव आलं आणि त्याचं हसू मावळलं.

"मिस व्हर्ना, मला थोडा विचार करू द्या."

"विचारायला नाही आले मी, सांगायला आले. दारावर मी नाही. माझ्या जागी दुसरं कुणी बघ."

"आणि वर्ग?"

दारावर उभं राहणं हे एक काम होतं, ते गेलं तर गेलं. वर्ग म्हणजे तिचा शब्द होता. व्हर्ना म्हणते म्हणून माणसं दोनशे गोळ्या मोजायची, पर्समधून पिस्तूल काढून पट्ट्याला लावायची. तो शब्दच खोटा पडला तर नऊ खुर्च्या मांडून करायचं काय? आणि गप्प बसून मांडल्या, तर कार्लीनच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा?

ओपलला हे कळलं तेव्हा ती लालबुंद झाली.

"पास्टरला सांगितलंस? आणि आता वर्गात सांगणार? अगं बये, मी वीस मिनिटं जुलाबाचं सोंग केलं ते कशापायी? आख्ख्या गावाने माझ्या पोटाची चौकशी केली! चर्चमधल्या थॅडियसच्या बायकोने मला पत्र लिहिलंय, त्यात पथ्य आहे!"

"तू माझी लाज राखलीस, ओपल. जन्मभर विसरणार नाही."

"मग राहू दे ना राखलेली!"

"माझी राखलीस गं. पण त्या पोरीच्या आईला कळायला नको?"

ओपल पाय आपटत गेली आणि चार दिवस बोलली नाही.

शनिवारी नऊच्या नऊ खुर्च्या भरल्या होत्या. कार्लीन दुसऱ्या रांगेत, रात्रपाळीचे कपडे अजून अंगावर. व्हर्नाने ठरवलं होतं की सुरुवातीलाच सांगायचं. पण तोंड उघडलं आणि काडतुसांबद्दलच बोलत सुटली. मग साफसफाई. मग कायदा. मग निशाणा. तीन तास गेले. शेवटी लोक जाकिटं चढवायला लागले तेव्हा ती म्हणाली, "बसा. एक राहिलंय."

आणि सांगितलं. काही वगळलं नाही. झगा, पट्टा, फळी, बीन्स. आणि मग कार्लीनकडे बघून, "कडीला टेसीचा हात होता, कार्लीन. ओपल मध्ये आली म्हणून वाचली. माझ्यामुळे नव्हे, माझ्या चुकीपुढे ती आडवी आली म्हणून."

कार्लीनचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. तिने वही मिटली, पर्स घेतली आणि गेली. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ग्रेडी आपल्या मोठ्या हातांकडे बघत म्हणाला, "मिस व्हर्ना, नसतं सांगितलंत तर कुणाला कळलं नसतं."

"हो ना. आणि पुढच्या खेपेला तुझ्याकडून झालं असतं, तर तूही नसतं सांगितलंस."

बातमी अर्थातच दुपारपर्यंत गावभर झाली. पुढच्या शनिवारची सहा नावं गळाली. दुकानात त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, पण बोलता बोलता लोक तिच्या कमरेकडे बघायचे. तिथे आता काही नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ती रिकाम्या कमरेने हिंडत होती. कोपर सवयीने टेकायचं आणि प्रत्येक वेळी तिला ती फळी दिसायची. वर्ग बंद करायची पाटी तिने लिहूनही ठेवली. लावायची तेवढी राहिली होती.

ओपल आली, गाजराचा केक घेऊन. "रागावलेलीच आहे मी अजून," दारातच म्हणाली. "हे घे. पथ्यात बसत नाही म्हणून उरलाय."

त्या रविवारनंतर दहाव्या दिवशी सकाळी शेडसमोर कार्लीनची गाडी थांबली. ती आत आली आणि तिने पिस्तूल कामाच्या टेबलावर ठेवलं. वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवलेला, मॅगझीन बाहेर, नळी भिंतीकडे, काडतुसं वेगळ्या डबीत. व्हर्नाने शिकवलं होतं तसंच, तंतोतंत.

"अडकतंय," कार्लीन म्हणाली. 'मिस व्हर्ना' नाही, नमस्कार नाही. "घरातून निघताना भरायला जाते, तर पहिलं काडतूस आत जात नाही. दुसरीकडे नेणार होते. दोन ठिकाणी नेलंसुद्धा. म्हणे पिस्तूल ठणठणीत आहे."

व्हर्नाने चष्मा चढवला. पिस्तूल नीट पाहिलं. आत धूळ नाही, तेल हवं तेवढंच, स्प्रिंग चांगली. मग डबी उघडून काडतुसं एका ओळीत उभी केली. सगळी एका उंचीची. एक मात्र बुटकं.

"हे रोज वरचं असतं?"

"हो. घरी आले की रिकामं करते आणि पिस्तूल कपाटात कुलपात ठेवते. टेसी आहे ना घरात. निघताना परत भरते."

"आणि बाहेर काढलेलं तेच काडतूस परत वर ठेवतेस."

"मग? नवं कशाला वाया घालवू?"

व्हर्नाने ते बुटकं काडतूस तिच्या तळहातावर ठेवलं. "रोज हा सरकता भाग याला ढकलत नेऊन आदळतो. दोनदा, चारदा ठीक. तू महिनाभर तेच आदळलंस. टोकाची गोळी पितळी पुंगळीत आत आत दबत गेली. आखूड झालं म्हणून अडकायला लागलं, आणि अडकलं हे नशीब समज. आत दारूला जागा राहिली नाही. हे उडालं असतं तर पिस्तूल तुझ्या हातात फुटलं असतं."

कार्लीन तळहाताकडे बघत राहिली. "मी तर पोरीसाठीच करत होते."

"माहीत आहे मला. कुलपात ठेवतेस ते सोडू नकोस. फक्त रोज तेच काडतूस वर घ्यायचं नाही. आलटून पालटून घे, आणि एखादं बुटकं दिसलं की बाजूला काढ, माझ्याकडे आण. दर थोड्या दिवसांनी सराव करताना जुनी उडवून टाकायची आणि नवी भरायची."

"म्हणजे मीही चुकले."

"तुझी आणि माझी चूक एका तागडीत घालू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तू सांभाळायला गेलीस आणि चुकलीस. मला माहीत होतं, आणि मी ठेवलं."

कार्लीनने खुर्ची ओढली आणि बसली. व्हर्नाने बुटकं काडतूस एका जाड बरणीत टाकलं, पिस्तूल पुसलं, चार वेळा सरावाच्या, दारू नसलेल्या काडतुसांनी चालवून बघितलं.

"त्या रविवारपासून टेसी विचारते," कार्लीन शेवटी म्हणाली, "मिस ओपलचं पोट बरं झालं का. मला तिला काय सांगावं कळत नाही. घरातल्या आणि दुसऱ्यांच्या घरातल्या पिस्तुलाला हात लावायचा नाही हे मी तिला शिकवलंय. शौचालयातल्या नाही. तिथे असेल असं मला कधी वाटलंच नाही."

"तसं वाटायची वेळच तुझ्यावर यायला नको होती."

"मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे. असायलाच हवा."

"पण त्या दोन दुकानांत मला कुणी विचारलं नाही, वरचं काडतूस कुठलं असतं म्हणून." तिने पिस्तूल घेतलं, रिकामं आहे ते पुन्हा एकदा बघितलं, पर्सशेजारी ठेवलं, मग विचार बदलून कडक म्यानात घातलं आणि पट्ट्याला लावलं. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीशी टेकवलेल्या पाटीकडे गेलं. तिने ती वाचली. "हे काय? शनिवारी वर्ग नाही?"

"तिघंच उरलेत. आणि खरं सांगू, कोणत्या तोंडाने शिकवू?"

"चार," कार्लीन म्हणाली. "माझे अजून दोन शनिवार राहिलेत. आणि सुरुवातीलाच सांगा ते. त्या दिवशी तुम्ही आम्हाला तीन तास काडतुसं ऐकवलीत आणि लोक जाकीट घालायला लागल्यावर सांगितलंत. अर्ध्यांचं लक्ष जेवणाकडे होतं. आधी ती फळी सांगा, मग बाकीचं."

"टेसीचं नावही?"

कार्लीन दारात थांबली. बाहेर तिची गाडी अजून सुरूच होती.

"नाव नको," ती म्हणाली. "सहा वर्षांची मुलगी म्हणा. पुरेल तेवढं."

शनिवारी चार खुर्च्या भरल्या होत्या, ओपल मागे विणकाम घेऊन बसली ती पाचवी. व्हर्ना उभी राहिली. या वेळी तिने काडतुसांच्या डबीला हातही लावला नाही.